न्हाणीतला अकरावा दगड

गोविंदआप्पांनी पुराच्या पाण्याची हद्द दाखवायला शिवारात पुरलेला अकरावा दगड मी उपटून घरी आणला आणि सात वर्षं त्यावर बसून अंघोळ केली. आप्पा गेल्याचा फोन सोलापूरहून आला, तेव्हाही मी त्याच दगडावर होतो, तोंडाला साबण लावून. न्हाणीच्या दाराबाहेरून बायको म्हणाली, "आप्पा गेले हो." भरलेला तांब्या डोक्यावर ओतायचा की खाली ठेवायचा, हे मला बराच वेळ सुचेना... साबण डोळ्यांत गेला. घरातल्यांना वाटलं, मास्तर न्हाणीतच रडून घेतायत. त्यात साबणाचं किती आणि आप्पांचं किती, ते मलाही सांगता यायचं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. रोज सकाळी मी न्हाणीच्या दारापर्यंत जातो आणि अंगणातल्या नळाखाली उभ्यानंच अंग ओलं करून परत येतो.

आप्पा जमीन मोजणी खात्यात मोजणीची साखळी ओढायला लागले आणि मोजणीदार होऊन निवृत्त झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. आमची ओळख माझ्या एका फजितीतूनच झाली. शाळेच्या भिंतीवर मी हौसेनं गावाचा नकाशा रंगवला होता. देऊळ, चावडी, माकणीकडं जाणारा रस्ता, सगळं झोकात. तपासणीला आलेल्या साहेबांनी शाबासकीसुद्धा दिली. दुसऱ्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून एक उंच, वाळका माणूस नकाशासमोर उभा राहिला. नकाशावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "मास्तर, नकाशा लई देखणा हाय. फकस्त तुमचा ओढा चढावर चाललाय." मी ओढा तेरणा नदीकडं न्यायचा सोडून उलटा माळावर चढवला होता. आप्पांनी ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही. रविवारी शिडी घेऊन आले, मी ओढा पुसून नव्यानं रंगवेपर्यंत शिडी धरून उभे राहिले. गावाला ही फजिती पुढं मीच सांगितली, तीही तिखटमीठ लावून. स्वतःच्या चुका रंगवून सांगायच्या आणि लोकांना हसवायचं, हा माझा पिढीजात धंदा. लग्नात, बारशात, एसटीच्या थांब्यावर लोक मला धरून बसवायचे, "मास्तर, ती म्हशीची सांगा." आप्पा कोपऱ्यात बसून ऐकायचे आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटेच हसायचे.

आमचा ओढा म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने पोरांचं क्रिकेटचं मैदान. उन्हाळ्यात आम्ही टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसणारी माणसं. त्यामुळं एका पावसाळ्यात दुपारच्या दोन-तीन तासांत ओढा पात्र सोडून शेतांतून फिरला, तेव्हा गावानं त्याला चमत्कार म्हटलं आणि विसरून गेलं. आप्पा विसरले नाहीत. पाणी ओसरायच्या आत ते छत्री आणि चुन्याची पिशवी घेऊन चिखलातून फिरले, काडीकचरा जिथं जिथं अडकला होता तिथं चुना टाकला, आणि पुढच्या महिन्यात त्या खुणांवर स्वतःच्या पेन्शनीतून काळे दगड पुरले. एकूण तेवीस. प्रत्येकावर छिन्नीनं आकडा. टँकरच्या गावात पुराचे दगड! लोक पोट धरून हसले. सगळ्यात पुढं मी होतो, हे सांगायला नकोच.

"पाऊस तेवढाच हाय मास्तर," आप्पा म्हणाले, "यायची रीत बदलली. आधी चार महिने यायचा, आता चार दिसांत येऊन जातोय. जमीन कशी वापरायची ते आपल्यालाबी बदलाया नको का?" त्यांचं म्हणणं साधं होतं. गाव वाढणारच आहे. मग भिजलेलं चालतं ते ओढ्याकडं ठेवा, गवत, झाडं, बाजाराचं मैदान, पोरांचं क्रिकेट. भिजून चालत नाही ते वर माळावर न्या, घरं, शाळा, दवाखाना. गावाचा विकास आराखडा होईल तेव्हा ही तेवीस दगडांची रेघ त्यात ओढून घ्यायची आणि तिच्या खाली घर बांधायला परवानगी द्यायची नाही. एवढ्यासाठी तो माणूस पंचायतीत, तालुक्याला, धाराशिवला खेटे घालत राहिला. साहेब लोक चहा पाजायचे आणि म्हणायचे, कल्पना चांगली आहे.

आता माझं काम सांगतो. मी नवी न्हाणी बांधायला काढली होती. गवंडी म्हणाला, बसायला एखादा सपाट दगड बघा. मी शिवारात फिरायला गेलो, तर ओढ्याच्या वळणाशी असा देखणा दगड उभा, जणू माझ्याच मापाचा. भूगोल शिकवलेल्या माणसाला वाटलं, जुन्या बांधाचा बेवारशी दगड असेल. पहारीनं उपटला, बैलगाडीत टाकून आणला आणि कंबर धरून तीन दिवस पडून राहिलो. धुताना मातीत गाडलेल्या बाजूला ११ दिसला. तेव्हा दगड कुणाचा ते कळलं, खोटं कशाला सांगू. पण गवंडी समोर सिमेंट कालवून बसला होता. मी आकडा खाली करून दगड बसवून टाकला. म्हटलं, तेवीसातला एक गेला तर काय बिघडतं? पुढच्या आठवड्यात आप्पा दारात आले. "मास्तर, आपला अकरावा कुनी नेला बगा." आणि मी... मी चप्पल घातली आणि दोन दिवस त्यांच्याबरोबर तो दगड शोधत शिवारभर फिरलो. विहिरीत वाकून पाहिलं. मेंढक्यांना दटावलं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी वहीतली मापं बघून त्या जागेवर नवा दगड पुरला. पहार त्यांनी माझ्याच घरातून नेली होती.

अकरावा गेला तर काय बिघडतं, ते पुढच्या वर्षी कळलं. ओढा त्या जागी वळतो. दहाव्यापासून बाराव्यापर्यंत सरळ दोरी धरली तर वळणातली सगळी सपाट जमीन रेघेच्या बाहेर, म्हणजे सुरक्षित. अकरावा धरला तर ती सगळी पाण्याची. आणि नेमकी तीच जमीन नव्या घरकुलांसाठी सुचवली गेली होती. रस्त्याला लागून, पाण्याची लाईन जवळ, पाया खणायला सोपी. माळावर खडक, चढ आणि वारा. लोकांचंही चुकत नव्हतं. ग्रामसभेत आप्पा नकाशा घेऊन उभे राहिले. ज्याची जमीन होती तो हसत हसत म्हणाला, "आप्पा, बाकीच्या दगडांवर शेवाळ आलंय, तुमचा अकरावा तर नवाकोरा दिसतोय. रातोरात सरकवला का काय?" आप्पांनी वही दाखवली. पण वही त्यांची, दगड त्यांचा, मग साक्ष कुणाची? तेव्हा आप्पा सगळ्यांकडं वळून म्हणाले, "जुना दगड कुनीतरी नेलाय. न्यायला माजी ना न्हाय. पर ज्यानं नेला त्यानं खड्डा बघितलाय. त्यानं निस्ती जागा दाखवावी."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी दुसऱ्या रांगेत होतो. उठून एवढंच म्हणायचं होतं की नवा दगड आहे तिथंच जुना होता, मी स्वतः उपटलाय. गाव हसलं असतं, नाहीतरी मी रोज हसवतच होतो. पण ही फजिती वेगळी होती. हिच्यात मी भाबडा ठरत नव्हतो, चोर ठरत होतो. त्या घाबरटपणात माझ्या तोंडून निघून गेलं, "दगडाला पाय फुटले असतील, आप्पा. टँकरची वाट बघून वैतागला, गेला तेरणेला अंघोळीला." सभा फुटून हसली. सरपंच हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हशातच हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. आप्पा नकाशाची गुंडाळी करत होते. तेवढे एकटे हसले नाहीत, नंतरसुद्धा.

चार दिवसांनी ते घरी आले. पाय चिखलाचे होते म्हणून मी सवयीनं न्हाणी दाखवली आणि दाखवताक्षणी चूक लक्षात आली. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. आप्पा पंच्यानं पाय पुसत बाहेर आले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "दगड चांगला बसवलाय. पाय घसरत न्हाय." मी सुटकेचा श्वास टाकला. आकडा खाली आहे, त्यांना काय कळणार? चाळीस वर्षं दगड ओळखण्यात घालवलेल्या माणसाबद्दल मी हा विचार केला.

यंदाच्या पावसाळ्यात भादव्यात दोन दिवस आभाळ फाटल्यासारखं झालं. सकाळी नऊला पाणी वळणातल्या घरकुलांत शिरलं. आप्पा शहात्तर वर्षांचे, छत्री टाकून काठी घेऊन पाण्यात उभे, कुणी कुठून यायचं ते ओरडून सांगत होते. पाण्याखालची जमीन कुठं उंच आहे हे त्यांना पाठ होतं. माणसं सगळी वाचली. धान्य, शेळ्या, एका बाईचं शिलाई मशीन, पोरांची दप्तरं, सगळं गेलं. मीही शूरपणानं आत उतरलो होतो. शेळी वाचवायला गेलो आणि घसरलो, शेळीनंच मला काठापर्यंत ओढत आणलं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा जाऊन पाहिलं. तेवीसच्या तेवीस दगडांना चिखल लागला होता आणि पलीकडं कोरडं. अकराव्यालाही.

दोन दिवस ओल्या कपड्यांत राहून आप्पांची छाती भरली. सोलापूरच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तो ठरवून गेलो होतो की आज सांगायचंच. एसटीत वाक्य पाठ केलं. खाटेजवळ बसलो, त्यांच्या नाकातली नळी पाहिली... आणि शेळीची गोष्ट सांगायला लागलो. आप्पा हसले, खोकले, पुन्हा हसले. डोळे पुसून माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "अजून एखादी हाय का, मास्तर?"

मी म्हणालो, "बास आता आप्पा, सिस्टर ओरडतील."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यानंतर चार दिवसांनी फोन आला.

ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. घरकुलं माळावर हलवायची आणि दगडांची रेघ आराखड्यात घ्यायची, असं आता गावच म्हणतंय. पण अकराव्याचा वाद पुन्हा निघालाय, ओढ्याचं वळण रेघेतून वगळा, तिथं दुकानं निघतील म्हणून. पूर काय, रोज येतोय का? परवा मी गवंड्याला बोलावून न्हाणीतला दगड काढला. सिमेंट फोडायला सकाळ गेली. खालचा ११ कालच कोरल्यासारखा स्वच्छ होता. बायको दारात उभी राहून बघत होती. हातगाडीवर घालून मी दगड आप्पांच्या घरी नेला. वहिनी अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदा न रंगवता. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, आत जाऊन आप्पांची वही आणली. प्रत्येक दगडाला एक पान, खाली मापं, आणि त्या ग्रामसभेनंतर फिरून घेतलेली, जागा पाहिलेल्या माणसाची सही. अकराव्याच्या पानावर 'मूळ जागा दाखवणार' असं पेन्सिलीनं लिहून पुढं सहीची जागा मोकळी सोडली होती. वहिनी म्हणाल्या, पाय धुऊन आले त्याच दिवशी त्यांनी घरात सांगितलं होतं, दगड मास्तरच्या न्हाणीत हाय.

"मग मला विचारलं का नाही?" मी म्हणालो.

"मी बी तेच म्हनले. तर म्हनायचे, हद्द ज्याची त्यानं दाखवावी, मोजनीवाल्यानं वदवून घ्यायची नसती. मास्तर सांगंल, त्येला सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाय."

मी पेन मागितला. सही केली, अक्षर वाकडं आलं. ग्रामसभेत उभा राहून सगळ्यांसमोर सांगीन, असंही म्हणालो. वहिनींनी वही माझ्या हातातून घेतली, शाई वाळेस्तोवर उघडीच धरली. दगडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जल्मभर फजित्या सांगत गावभर हिंडलात, मास्तर," त्या म्हणाल्या. "कामाची एकच व्हती. तीच तेवढी बुडाखाली दाबून बसलात."