न चाखलेलं बिरडं

गेल्या शनिवारी दिवेआगरला आमच्या घरी पाहुणे जेवायला होते आणि वालाचं बिरडं मी केलं... अजिबात न चाखता. आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? तर ऐका.

माझी केमो चालू आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. केस गेले त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, उकाड्यात सोयच झाली. पण तोंडाची चव गेली तेव्हा मात्र मी रडले. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, आणि खरं सांगायचं तर लोक समुद्रासाठी कमी, माझ्या हातच्या जेवणासाठी जास्त येतात. (समुद्राने राग मानू नये.)

मध्यंतरी मुलगी अलिबागहून सुट्टीला आली. आमटीचा पहिला घास घेतला आणि ओरडलीच, "आई, केवढी खारट!" मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून जेवत होता आणि त्याच्या शेजारचा पाण्याचा तांब्या रिकामा झाला होता.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला... जीभ खोटं बोलत होती, मी तिचं ऐकून मीठ वाढवत होते आणि हा माणूस रोज पाणी पिऊन पिऊन सगळं निमूट संपवत होता. अशा माणसावर चिडायचं तरी कसं? तरी मी चिडलेच.

त्यातच शनिवारी ठाण्याचं ते कुटुंब येणार होतं, दरवर्षी खास बिरड्यासाठी येणारं. नवरा म्हणाला, यंदा जेवण शेजारच्या काकूंकडून मागवू, तू आराम कर. प्रेमानेच म्हणाला. पण मला वाटलं, स्वयंपाकघरही सुटलं तर या घरात मी नुसती पेशंट उरेन. डॉक्टरांची ना नव्हती, अंगात बऱ्यापैकी ताकदही होती... भरवसा नव्हता तो फक्त मिठाचा.

सासूबाई पडवीत मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. माझं रडगाणं त्यांनी पूर्ण ऐकलं आणि मान वर न करता विचारलं, "गौरीच्या नैवेद्याला कदी चाखलंस का गं तू?"

"नाही."

"मंग? तवा कदी मीठ चुकलं न्हाय तुझं. आताच कशाला चाखत बसतेस?"

खरंच की! लग्न होऊन आले तेव्हापासून गौरी-गणपतीचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे. देवाच्या आधी तोंडात घालायचं नाही, म्हणून मीठ हाताच्या अंदाजानेच पडतं, आणि नंतर माणसं बोटं चाटत बसतात. हात शाबूत असताना मी त्या बिघडलेल्या जिभेला विचारत बसले होते.

शनिवारी डोक्याला रुमाल बांधून ओट्याशी उभी राहिले. नारळाचं वाटण, आमसुलं, गूळ... आणि मीठ, पातेल्याकडे बघून, हाताला वाटलं तेवढं. सवयीने एकदा चमचा तोंडाकडे गेलाच, पण सासूबाईंनी असे डोळे वटारले की तो तसाच खाली आला.

पानं वाढली. नवराही पाहुण्यांच्या पंगतीला बसला होता. मी दाराआड उभी... आणि पाहुणे काय म्हणतात याकडे माझं लक्षच नव्हतं. मी बघत होते नवऱ्याचा तांब्या.

त्याने भातावर बिरडं घेतलं. पुन्हा घेतलं. मग अजून सुट्टीवरच असलेल्या मुलीला हाक मारून आणखी मागितलं. जेवणं आटपली तरी तांब्या काठोकाठ भरलेला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा भलताच अभिमान वाटला.

ठाणेकरांनी डबा भरून नेला, ते वेगळंच. चव हळूहळू परत येईल असं डॉक्टर म्हणतात. येऊ दे सावकाश... तोवर आमच्या घरात सगळ्यांनाच देवाचा मान, माझ्याआधी पहिला घास त्यांचा.

आणि त्यातही सगळ्यात पहिला, खारट आमटी निमूट संपवणाऱ्या माणसाचा.