बाहुलीच्या साडीवरचे शुभेच्छुक

बाजारात बाहुलीची साडी म्हणून जे विकतात, त्याला मी साडी म्हणणार नाही. निऱ्या शिवून टाकलेलं ते एक चकाकतं नळकांडं असतं. मागे चिकटपट्टी, आणि हात लावला की बोटांना चमकी. तुमच्या आईने तसलंच एक मागवलं होतं. धाकटे, तू ते दूर सारलंस आणि फोनवर मला विचारलंस, "आजी, तुझी हिरव्या चौकड्यांची साडी खरंच होती ना?" तिचा पदर मुठीत धरून तू इथे नगरला झोपायचीस. दादा, तू मागून ओरडलास, "ही मनाने काहीही सांगते!"

साडी विरून गेली होती. काठासकट एक तुकडा मी जपून ठेवला होता, पण त्यातला एकच चौकडा बाहुलीची अख्खी छाती झाकत होता. म्हणून आलेखाच्या कागदावर मी तेच चौकडे मसुराएवढे काढले, काठ अरुंद केला, पदर कोरा ठेवला. मापं लिहून कागदाचा फोटो जामखेड रोडच्या फ्लेक्सवाल्याला पाठवला. हल्ली तो कापडावरही छापतो.

या माणसाची दृष्टी चौकातल्या फलकांवर पोसलेली. कोरी जागा दिसली की त्याला सहन होत नाही. कापड उलगडलं तर पदरावर सोनेरी वर्तुळात मी! व्हॉट्सॲपवरचा माझा फोटो त्याने उचलला होता. भोवती झेंडूच्या माळा, खाली ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार'.

"हे काय आहे?"

"आजी, पदर लई मोकळा दिसत हुता. नातीला द्यायचंय म्हणला ना तुमी? मंग तुमचा फोटो नको व्हय?"

"आणि हा मित्रपरिवार कोणाचा?"

"ते असतंच की. न्हाई टाकलं तर मानसं विचारत्यात."

"पुन्हा छापा. मी कागदावर दिलंय तसं."

"आता कुटं? साहेबांचा वाढदिवस हाय. मशीन मोकळं न्हाई."

शेजारची सून दुसऱ्या दिवशी तुमच्या गावी निघणार होती आणि साडी तिच्याच हाती पाठवायची होती. पदर कापला असता तर साडी तोकडी पडली असती. शेवटी मी साडीच उलटी फिरवली. फोटोचं टोक कमरेला आत खोचायचं केलं आणि दुसऱ्या टोकाला जपलेल्या तुकड्याचा काठ कापून हाताने शिवला. टाके दिसू दिले नाहीत. खणाची चोळी शिवली. आपलं तोंड आपणच निऱ्यांत गाडताना मला मुळीच वाईट वाटलं नाही.

साडी पोचली आणि तुम्ही मला व्हिडिओ कॉल केलात. धाकटे, तू आधी बाहुलीची साडीच सोडलीस. "आजी, तू आत काय करतेस?" दादाने अक्षरं जुळवत 'शु-भे-च्छु-क' वाचलं आणि तुम्ही दोघं पलंगावर लोळून हसलात. मग तुझ्या हाताला काठ लागला. तू हसायची थांबलीस. तो मुठीत धरलास, नाकाला लावलास आणि दादाला म्हणालीस, "बघ. हीच."

आता तू बाहुलीला रोज माझं तोंड बाहेर ठेवून साडी नेसवतेस, मित्रपरिवारासकट, आणि झोपताना ती सोडून काठ मुठीत घेतेस, असं तुमची आई सांगते. फ्लेक्सवाल्याला मी हे कळवलेलं नाही. तुम्ही इथे आलात तरी त्याला सांगू नका. आधीच त्याला स्वतःच्या अकलेचं भारी कौतुक आहे.