दोन दिवसांत आलेला होकार

कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेल्या ग्रंथपालांना सगळे पाठीमागे चाळणीकाका म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणी विचारलं, "काका, हे नियतकालिक बरं आहे का?" की म्हणत, "बसा. आधी ते खरं आहे का, ते बघू."

एका दुपारी वनस्पतिशास्त्राची नवी मॅडम मोबाइल नाचवतच आत आली. तिचा शेवाळावरचा पहिला लेख पाठवल्यापासून दोन दिवसांत स्वीकारला गेला होता. इंटरनेटवरचं, कुणालाही फुकट वाचता येईल असं नियतकालिक. फी भरून संमतीपत्रावर सही करणं तेवढं राहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात कायम नोकरीची मुलाखत, आणि छापलेल्या लेखाशिवाय तिथे डाळ शिजणार नव्हती.

"दोन दिवसांत? पोरी, दोन दिवसांत टाचेची भेगसुद्धा भरत नाही!"

काकांनी संपादक मंडळाची यादी उघडली आणि त्यातल्या एका प्राध्यापकांना सरळ फोन लावला.

"मी? संपादक?" पलीकडून आवाज आला. "अहो, मला हे तुमच्याकडूनच कळतंय!"

मॅडमचा चेहरा उतरला, तरी ती हटेना. "पण काका, दोन परीक्षकांनी वाचून 'उत्कृष्ट' म्हटलंय."

काकांनी लेख मागून घेतला. ओळीवरून बोट फिरवत वाचत गेले, ते तिसऱ्या तक्त्याशी अडले. "तुझं शेवाळ सावलीत सुकतं आणि उन्हात फोफावतं? उलट्या काळजाचंच दिसतंय."

ती वाकली. दोन रकान्यांच्या शीर्षकांची अदलाबदल झाली होती. "अगं बाई! हे तर माझ्याच हातून झालंय."

"मी शास्त्र शिकलेलो नाही, तरी मला दिसलं. त्या दोघांना कसं दिसलं नाही?"

"वाचलंच नसणार कुणी," ती हळूच म्हणाली.

सही झाली नाही. काकांनी दुसरं नियतकालिक शोधून दिलं. तेही सगळ्यांना खुलंच, पण दिसायला रया गेलेलं. पाच महिन्यांनी तिथून अठ्ठावीस हरकती आल्या. तोवर नोकरी दुसऱ्याच कुणाला लागली होती. वर्षभर तिनं तासिकांवर राबत एकेक हरकत निस्तरली. देवानं मोक्याच्या खुर्चीत असं एखादं खडूस माणूस बसवून ठेवलेलं असतं, त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

लेख छापून आला. शेवटी ओळ होती : 'तिसरा तक्ता सरळ करणाऱ्या आमच्या ग्रंथपालांची मी ऋणी आहे.'

"हे कशाला घातलंस? मला शेवाळातलं काय कळतं!" काका गुरकावले.

संध्याकाळी घरी बायकोला मात्र ती ओळ त्यांनी दोनदा वाचून दाखवली.