बॉयलरवाल्या काकांचा ड्रायर

जाळ डोळ्यांना दिसल्याशिवाय एखादी वस्तू गरम झाली हे ज्याला पटतच नाही, असा माणूस सबंध नगर जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात काकांनी चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्त होऊन नगरला सावेडीच्या पुढे एका कॉलनीत त्यांनी घर बांधलं, पण अंगातला बॉयलर काही विझला नाही. दारात येऊन थांबलेली स्कूटर असो, पाहुण्यापुढचा चहा असो की तापानं फणफणलेला नातेवाईक असो, काका आधी तळहात टेकवतात, डोळे मिटतात आणि आकडा सांगतात. थर्मामीटर त्यानंतर. तो काकांशी जुळला तर थर्मामीटर चांगला. लेकीनं पुण्याहून इंडक्शनची शेगडी पाठवली, तेव्हा तिच्यावरचं दूध उतू जाताना पाहून ते दोन पावलं मागे सरले. "निखारा न्हाई, ज्वाळ न्हाई, आन दूध वर येतंय. ही भानामती हाय," म्हणाले आणि शेगडी खोक्यात घालून माळ्यावर टाकली. मी चळवळीतला माणूस. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत माझं निम्मं आयुष्य पत्रकं लिहिण्यात आणि उरलेलं ती वाटण्यात गेलं. वाचण्यात कुणाचं किती गेलं याची नोंद आमच्या समितीकडे नाही. माझं एक भाषण ऐकून घरी आल्यावर काकांनी माझ्या कपाळाला तळहात लावला आणि मावशीला म्हणाले, "पोराचं प्रेशर चांगलं हाय. सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढा बसवायचा ऱ्हायलाय." तेव्हापासून ते मला 'नेते' म्हणतात. मी ते कौतुक समजत आलो.

मावशीला गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. मावशी मूळची शनिशिंगणापूरची, दाराला कडी-कोयंडा नसलेल्या घरात वाढलेली. लपवण्यासारखं तिच्याकडे जन्मात काही नव्हतं. आता मात्र होतं, आणि ते रोज धुऊन पुढच्या अंगणातल्या दोरीवर, भर रस्त्यासमोर वाळत पडायचं. चादरी. कधी तीन, कधी पाच. डायपरनं कमरेला पुरळ आलं होतं, म्हणून चादरीच. त्या काका स्वतः धुवायचे, आणि कुणी मदतीला पुढे झालं तर कारखान्यातल्यासारखे "ड्युटी माझी हाय" म्हणून हात आडवा करायचे. समोरच्या ताई स्वभावानं मायाळू. त्यांनी एकदा फाटकातून अगदी काळजीनं विचारलं, "आज पाच का हो काका? काकूंचं जास्त आहे का?" खिडकी उघडी होती. मावशीनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून पाणी पिणं कमी केलं. चहा बंद, ताक बंद, औषधापुरता घोट. पाणी कमी, तर चादरी कमी. चादरी कमी, तर दोरी कमी बोलते. ओठांना चिरा पडल्या. डॉक्टरांनी बजावलं की हिला भरपूर पाणी हवं, नाहीतर मूत्रपिंडाचं दुखणं मागे लागेल. बॉयलरच्या अंगावर एक काचेची नळी असते, आतलं पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. चौतीस वर्षं काकांची नजर त्या काचेवर होती. पाणी उतरलं आणि जाळ चालू राहिला की काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते मावशीच्या ओठांकडे तसे बघू लागले. आत दोऱ्या बांधून बघितल्या, तर घरभर दमट वास, आणि मावशी दिवसभर त्या चादरींखाली त्यांच्याकडेच बघत पडलेली. शेवटी त्यांनी ठरवलं की कपडे वाळवायचं यंत्र आणायचं.

मला बोलावणं आलं. "नेते, तुमी शिकल्याले. सांगा, ग्यासवरचा ड्रायर घ्यावा का लाइटवरचा?" आता हा प्रश्न दोन शब्दांत उत्तर देण्यासारखा होता. मी अर्धा तास बोललो. घरगुती यंत्रांचा बाजार कसा उभा केला जातो, ग्राहकाला आधी गरज आणि मग वस्तू कशी विकली जाते, आणि ज्या नगरला दहा महिने ऊन रणरणतं तिथं कापड वाळवायला वीज जाळणं हा कसा नैतिक दिवाळखोरीचा कळस आहे, हे सगळं मी मुद्देसूद मांडलं. आयुष्यात मी एकही चादर पिळलेली नाही. माझे झब्बे आई धुते, आणि ती ते कुठे वाळत घालते हे मला हा मजकूर लिहायला बसेपर्यंत माहीत नव्हतं. माझं संपल्यावर खाटेवरून मावशी जड जिभेनं म्हणाली, "ऊन फुकट हाय, व्हय. पर बघनारे डोळे बी फुकटच हायेत रं." मी पाणी प्यालो. तो तांब्या तिच्याच उशाचा होता आणि तिनं त्यातला घोटही घेतला नव्हता, हेसुद्धा मला दिसलं नाही.

काकांचा कौल अर्थात गॅसला होता. जाळ दिसतो, ही एक गोष्ट. आणि लाइट गेली तर चादर अर्धवट ओली आत अडकेल, ही दुसरी. खात्री करायला ते मला शिर्डीला घेऊन गेले. साईबाबांच्या दर्शनाला जग जातं. आम्ही दोघं हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीच्या दर्शनाला गेलो. लाँड्रीवाले चाचा साठीचे, दाढी पांढरी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गॅसचा ड्रायर बैलगाडीएवढा होता. काका त्याच्या बुडाशी उकिडवे बसले, झडपेतून आतला निळा जाळ बघितला आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"घरी कशाला हे, काका?" चाचा म्हणाले. "हे दहा हॉटेलांचं जनावर हाय. घरात बसंल असा बारका बी असतो, पर आपल्याकडं मिळत न्हाई, लांबून मागवावा लागतो. आन सिलिंडरवर नका चालवू. पाइपचा ग्यास असंल तरच."

"लाइट गेली तरी चालतो ना पर?"

"जाळ ग्यासचा, पर ड्रम फिरवाया लाइट लागतीच की. तुमी फिरवनार हाय का हातानं?"

काका थोडे खट्टू झाले, पण जाळानं त्यांना जिंकलं होतं. मागच्या भिंतीतल्या नळकांड्यातून वाफेचा लोट गल्लीत जात होता. तो ते बराच वेळ बघत राहिले. परतीच्या एसटीत म्हणाले, "पाइपचं काम व्हईल म्हना. आपल्या कॉलनीत पाइप दोन घरांपत्तुर आलाच हाय. मी अर्ज बी भरलाय कवाच." मी खिडकीबाहेर बघू लागलो. कोल्हार गेलं, राहुरी गेली, मी बाहेरच बघत होतो. कारण त्यांच्या कॉलनीतलं गॅसच्या पाइपचं काम बंद पाडणारा थोर पुरुष मीच होतो. चर खणून महिनाभर उघडा टाकला होता, समोरच्या ताई स्कूटीसकट त्यात पडून मनगट मोडून बसल्या होत्या. आमच्या सात जणांच्या समितीनं, ज्यात पाच उपाध्यक्ष आहेत, रस्ता रोखला. मी मातीच्या ढिगावर चढून 'खड्ड्यात गेलेला विकास' या विषयावर पाऊण तास बोललो. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं चर बुजवला आणि यंत्रं उचलून नेली. पाइप काकांच्या फाटकापासून दोन घरं अलीकडे संपला. त्या विजयाचे पेढे मी काकांच्याच घरी वाटले होते.

घरी पोहोचल्यावर मी कबुली दिली. "काका, ते काम मी बंद पाडलं."

"म्हाईत हाय की. मी हुतो तिथं, मागं हुबा. ग्यासवर दूध ठिवून आल्तो, भाषान लांबलं, दूध करपलं."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलायचं? बाईचा हात मोडला हुता. तू खोटं थोडंच बोलत हुतास." आणि मग, "पेढे बरे हुते."

शिव्या घातल्या असत्या तर मला पेलल्या असत्या. त्याची मला सवय आहे. मी दुसऱ्याच दिवशी त्याच समितीच्या त्याच लेटरहेडवर नवं निवेदन लिहिलं: गॅसवाहिनीचं रखडलेलं काम तातडीनं पूर्ण करा, अन्यथा तीव्र आंदोलन. महापालिकेच्या कार्यालयातल्या कारकुनानं ते वाचलं, उठला, फायलीतून काम बंद करा म्हणणारं माझं आधीचं निवेदन काढून शेजारी ठेवलं. हस्ताक्षर तेच, सही तीच, 'अन्यथा तीव्र आंदोलन' हेही तेच.

"यातलं कुठलं खरं धरायचं?" त्यानं विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

"बरं. दोन्हीवर शिक्का आहे," तो म्हणाला. "दिवाळीनंतर बघू."

मावशीचे ओठ दिवाळीपर्यंत थांबणारे नव्हते. आठवडाभरात तिला ताप भरला. काकांनी कपाळावर तळहात ठेवला आणि या खेपेला आकडा सांगितला नाही. डॉक्टर येऊन गेले, ताप उतरला. सकाळी काकांनी एक चादर धुतली, पिळली, पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "चला, लाइटवरचा बघू." चितळे रस्त्यावरच्या एका दुकानात दुकानदार यंत्राचं दार उघडून गुण सांगू लागला, तर काकांनी आत डोकं घातलं.

"जाळ कुठंय?"

"जाळ नाही काका यात. कॉइल आहे. करंटनं तापते."

"करंट दाखवा."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी जनतेच्या बाजूनं उभा असतो, पण त्या क्षणी मी मिक्सरची किंमत बघायला गेलो. शेवटी काकांनी पिशवीतली ओली चादर काढून आत टाकली आणि "चालवा" म्हणाले. मग स्टूल ओढून, काचेला तळहात लावून, दीड तास बसले. मध्ये दोनदा चहा आला, तो त्यांनी यंत्रावरची नजर न काढता घेतला. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जात होती. यंत्र थांबलं, चादर कोरडी निघाली. काकांनी ती गालाला लावून बघितली आणि मान हलवली, म्हणजे कापड वाळलं हे मान्य, कसं वाळलं हे अमान्य. तेवढ्यात दुकानदारानं खालचा एक खण ओढला आणि त्यातलं पाणी बादलीत ओतू लागला.

काका उभे राहिले. "हे कुठलं पानी?"

"चादरीतलंच काका. आत वाफ होते, ती थंड होऊन इथं साठते. बाहेर नळकांडं काढायला नको."

काकांनी त्या पाण्यात बोट बुडवलं. बॉयलरवर काम केलेल्या माणसाला वाफ वाया जाताना बघणं पाप वाटतं. काम करून झालेली वाफ पाणी होऊन परत आली पाहिजे, हा त्या खात्यातला धर्म. "शिर्डीला वाफ भाईर सोडत हुते," ते मला हळूच म्हणाले. "मला बघवंना. बांधून द्या हे." चार महिन्यांचा प्रश्न चार मिनिटांत सुटला. वाफ बाहेर टाकणारं गॅसचं यंत्र, पाइप दारात असता तरी, काकांनी घेतलं नसतं, हे मला तिथं, मिक्सरच्या मागे उभ्या उभ्या कळलं. म्हणजे इतके दिवस मी मनात जे पातक मिरवत होतो, त्याचा निकालाशी काही संबंधच नव्हता. एका कुटुंबाचा धड खलनायकसुद्धा मला होता आलं नाही.

यंत्र मागच्या खोलीत बसलं. पुढच्या अंगणातली दोरी मोकळी झाली. पहिले दोन दिवस मावशी घोटच घेत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं मोकळ्या दोरीकडे खिडकीतून पाहिलं आणि पेलाभर पाणी मागून घेतलं. काकांनी पेला दोन्ही हातांनी धरला होता. पाचव्या दिवशी मी गेलो, तर काका फाटकातच मला गाठून, आनंदाची बातमी सांगावी तसं म्हणाले, "आज सहा चादरी झाल्या."

आणि मग समोरच्या ताई आल्या. हातात नारळ आणि चेहऱ्यावर खरा आनंद. दोरी आठवडाभर रिकामी बघून त्यांनी समजूत करून घेतली होती की मावशी बरी झाली. "देवानं ऐकलं बाई," त्या म्हणाल्या. मी काकांकडे बघितलं, काकांनी जमिनीकडे. मावशी उशीला टेकून बसली होती. तिनं उजव्या हातानं नारळ घेतला आणि म्हणाली, "व्हय. बरं हाय आता." मग पाहुणीबरोबर चहा घेतला, पुरा कप, कितीतरी महिन्यांनी. मागच्या खोलीत यंत्र घरघरत होतं. ताईंनी कान दिला. "हे काय चालू आहे?"

काका, ज्यांनी चौतीस वर्षांत एक रीडिंग खोटं लिहिलं नाही, ते कपबशा गोळा करू लागले. उघडं बोलणं हा माझा धंदा आहे. सत्य मोठ्यानं सांगण्यासाठी मी पोलिसांचा मार खाल्लेला आहे. मी म्हणालो, "घरघंटी आहे, ताई. पीठ दळायची. नवी घेतली."

"अगं बाई," ताई म्हणाल्या, "मग माझे पाच किलो गहू पाठवून देते. गिरणीवर लई ताटकळत ठेवतात."

मावशीच्या तोंडाची उजवी बाजू हलली. ती हसत होती, हे मला जरा उशिरा कळलं. डावी बाजू अजून हसत नाही, आणि हसेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

गहू आले. ते परतही करता येईनात आणि दळताही येईनात. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी काका ताईंचा डबा पिशवीत लपवून मागच्या दारानं कॉलनीपलीकडच्या गिरणीवर न्यायचे, तासभर रांगेत उभे राहायचे आणि कोमट पीठ परत आणून द्यायचे. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ते काम माझ्याकडे आलंय. आमच्या समितीच्या बैठका मी रविवारी ठेवत नाही, त्याचं कारण मी अजून कुठल्याही उपाध्यक्षाला सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी डबा द्यायला गेलो, तर ताई बोटांनी पीठ चोळून म्हणाल्या, "चांगलं आहे, पण जरा जाड येतं तुमच्या मशीनचं."

मी परत येऊन मावशीला ते सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं, बाजूच्या तांब्याकडे मानेनं खुणावलं, आणि मी पेला भरेपर्यंत विचार करून म्हणाली, "तिला म्हनावं, पुढल्या खेपंला बारीक दळू."