कानसेन आणि एकदाच वाजणारी तबकडी

बाजारात त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि ते त्याला मनापासून आवडे. पस्तीस वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा हा माणूस पेटी उघडायच्या आधी नुसतं ऐकून सांगायचा, कुठला कंडेन्सर गेलाय. एकदा फोनवरून ऐकून सांगितलं आणि नेमकं तेच निघालं, तेव्हापासून तर स्वारी जमिनीवर नव्हती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी बायको सहज म्हणाली होती, "अहो, डावा स्पीकर थरथरतोय." हा फटकन बोलला, "तू तुझं शिलाई मशीन बघ." स्पीकरचा कागद खरंच फाटला होता. चार दिवसांनी त्याने तो गुपचूप चिकटवला. बायकोने सगळं पाहिलं आणि त्यानंतर बत्तीस वर्षं कामाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. चहा दाराशी ठेवून ती मशीनवर जाऊन बसे.

अशा या कानसेनच्या टेबलावर तीन दिवस एक प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारी पेटी, घूंऽऽ करत पडला होता.

काम पोस्टातल्या बाईंचं होतं. बाई आठ महिन्यांच्या असताना त्यांची आई गेली. ती स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायची. नोकरीच्या परीक्षेत तिचा आवाज एका तबकडीवर घेतला होता, तेवढाच कुठेतरी उरला होता. बाई निवृत्त झाल्या आणि जुन्या कागदांत ती तबकडी सापडली. तिचा काळा थर कडेने सुटत चालला होता. काल हरभऱ्याएवढा टवका डब्यातच पडला. सुई एकदा फिरेल, दुसऱ्यांदा काही खरं नाही, हे कानसेनने पाहताक्षणी सांगितलं होतं. त्या एका फेरीत आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचा होता.

त्यासाठी अगदी हलकी सुई हवी. पण हलकी सुई सिग्नलही एवढासा देते, म्हणून प्रीअँपमध्ये काडेपेटीएवढे दोन स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर बसवावे लागतात. ते सिग्नल वाढवतात खरे, पण मेले शेजारच्या विजेची घूं, म्हणजे हमिंगही तितक्याच प्रेमाने उचलतात. आणि बाईंच्या आईचा आवाज मुळातच हळू भरलेला. हमिंग राहिली असती तर तो तिच्यात बुडाला असता, कायमचा.

कानसेनने अर्थची वायर तीनदा तोडून तीनदा जोडली. सगळे अर्थ एकाच जागी आणले. वायरी वेणीसारख्या पिळल्या. पॉवर ट्रान्सफॉर्मर पेटीबाहेर काढून हातभर लांब ठेवला. हेडफोन लावला की घूं आहेच. त्याच्या मीटरला एवढं बारीक कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी त्याने ते कानापुढे मानलं नसतं.

बाई चारला येणार होत्या. साडेतीन वाजले. सोल्डरचा चांगला टाका पुन्हा उखडताना ट्रान्सफॉर्मरची केसासारखी तार तुटता तुटता राहिली. ती तुटली असती तर संपलंच होतं. "मर मेल्या!" असं ओरडून त्याने प्रीअँपची पिन भिंतीतून ओढून काढली.

घूं चालूच होती.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तरीही चालूच. खिडकी लावली, कानांवर तळहात दाबले, तर उलट जास्तच आली. मग त्याला कळलं, आणि तो घाबरला, लहान मूल घाबरतं तसा घाबरला. तीन दिवस तो स्वतःच्याच डोक्यातला आवाज काढायला अर्थ जोडत होता. आता पेटीत हमिंग आहे की नाही, हे त्याला सांगता येणार नव्हतं.

दारावर टकटक झाली. बाई वेळेआधीच आल्या होत्या. तबकडीचा डबा मांडीवर घेऊन त्या अंग चोरून खुर्चीवर बसल्या. "झालं का हो?"

झालं म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांपर्यंत आलाही होता. त्याने बाईंच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं आणि शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अगं, जरा आत येतेस?"

मशीन थांबलं. "कुठे आत?"

"माझ्या खोलीत. माझे कान गेलेत बहुतेक."

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती उठली. त्याने पिन लावून हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "बारीक आहे. सुई अडली की माझी मोटर करते ना, तसं."

म्हणजे खरी हमिंगही होती, आणि ती त्याच्या कानांतल्या घूंखाली लपून बसली होती. त्याने पहिल्या ट्रान्सफॉर्मरचा स्क्रू सैल केला आणि तो जागच्या जागी तसूभर वळवला.

"कमी झालं. आणखी कमी. अहो, वाढलं की! मागे या. थोडं... थांबा!"

त्याने पेन्सिलीची खूण केली, स्क्रू आवळला. मग दुसरा. मग झाकण.

"आता?"

"काही नाही."

"नक्की?"

"मला विचारताय ना?"

"तुलाच विचारतोय."

"मग नाही म्हणजे नाही."

तबकडी चढवून, कॉम्प्युटर आणि स्पीकर चालू करून त्याने सुई टेकवली. खरखरीतून एका तरुण बाईचा आवाज आला, गाडी क्रमांक, फलाट, वेळ. पोस्टातल्या बाई पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. तबकडीच्या दर वळशाला काळे कण उडत होते आणि कानसेनचा जीव टांगणीला लागला होता. शेवटची गाडी सुटली. आवाज थांबला. सुई मधल्या रिकाम्या जागेकडे सरकत होती, तेवढ्यात पोस्टातल्या बाईंनी तोंडाला पदर लावला आणि बायकोचे डोळे भरून आले.

घोषणा संपल्यावर कानसेनला खरखर आणि घूं यांपलीकडे काही ऐकू आलं नव्हतं.

"काय झालं?" त्याने बायकोला विचारलं. "काय म्हणाली ती?"

"अगदी हळू म्हणाली," बायको म्हणाली. "कुणाला तरी विचारत होती, 'बरं वाचलं का? की पुन्हा वाचू?'"