गोळी कोण देतं?

बेळगावच्या एका मोठ्या इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, उपासना बारा वर्षं नर्स आहे. आजी निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. नातीनं नर्सिंग करता करता कानडी कमावलं. बोलणी खाऊन, चुकून, हसं करून घेऊन. म्हणूनच कुणाचं कानडी कुठं संपतं, हे तिला चटकन कळतं. वॉर्डात दुभाषी म्हणून कुणाची नेमणूक नाही. दोन भाषांमधली जागा इथं एका खाटेएवढी असते आणि तिच्यावर माणूस एकटाच पडलेला असतो.

आज अशाच एका खाटेवर होते शहापूरचे विणकर परशराम आप्पा. साडीचे काठ, सुताचे रंग, गिऱ्हाइकाची थट्टा, एवढं कानडी ते फडाफडा बोलत. शरीराच्या आतलं कानडी त्यांना कधी लागलंच नव्हतं. पण ते कबूल करणं म्हणजे चारचौघांत मान खाली घालणं.

हर्नियाच्या ऑपरेशनच्या सकाळी रायचूरकडच्या तरुण डॉक्टरांनी कानडीत विचारलं, हृदयासाठीची ती रक्त पातळ करणारी गोळी आठ दिवसांपूर्वी बंद करायला सांगितली होती, केलीत ना?

"हौद्री," आप्पांनी होकार भरला.

डॉक्टरांनी कागदावर खूण केली. समोरचा माणूस इतकं अस्खलित बोलतो, मग शंका कशाची?

सलाइन लावणारा उपासनाचा हात थांबला. प्रश्न संपायच्या आतच होकार आला होता.

"आप्पा, कुठली गोळी बंद केलासा?" तिनं मराठीत विचारलं.

"सांगितलेली."

"रंग कसला तिचा?"

"रंग बघत बसू व्हय? मी मागावर असतोय."

"मग गोळी कोण देतं?"

"अंजनी देती की. हात मागावर, तोंड उघडायचं, ती घालती. तीस वर्षं चहाबी तसाच पितोय."

उपासना बाहेर आली. बाकावर आप्पांची बायको अंजनी पिशवी उराशी धरून बसली होती. चंदगडकडची, कानडी न येणारी. तिला कुणी आत बोलावलंच नव्हतं.

"आक्का, आप्पास्नी गोळ्या तुमीच देता न्हवं?"

"व्हय. एकदाबी चुकवलं न्हाय," अंजनी अभिमानानं म्हणाली आणि पिशवीतून पाकिटं काढली. "कालबी दिल्या सगळ्या."

त्यांत रक्त पातळ करणारी तीही होती.

उपासनानं सांगितलं तशी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पोटावर सुरी चालली असती, तर रक्त आवरलं नसतं. ऑपरेशन पुढं ढकललं गेलं.

आप्पा खवळले. "हुबळीपतोर कानडीत साड्या इकल्यात मी! डॉक्टराम्होरं लाज काढलीस माझी."

"काढली. जिवापेक्षा स्वस्तच पडली, आप्पा."

"ओरडू नगासा," अंजनी दारातून म्हणाली. "गोळ्या गिळताना कवा इचारलं न्हाय, आता तोंड सुटलंय."

आप्पांनी सदरा ओढला. आता परत यायचं नाही, मेलो तरी बेहत्तर, म्हणत दाराकडं निघाले. उपासनानं त्यांना अडवलं नाही. डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून कुठली गोळी किती दिवस बंद ठेवायची ते पक्कं केलं होतं. ते पाकीट तिनं वेगळं काढून बाहेर बाकावर अंजनीच्या हातात दिलं आणि सगळं मराठीत सांगितलं.

"आता तुमी मला सांगा, आक्का."

"आठ दिस गोळ्या बंद."

"सगळ्या?"

अंजनीनं हातातलं पाकीट उलटसुलट केलं. उपासनानं पुन्हा सांगितलं, न चिडता, जणू पहिल्यांदाच सांगतेय. अंजनीनं पुन्हा म्हणून दाखवलं. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर आलं.

दारात आप्पा उभेच होते, एक हात सदऱ्यात, एक बाहेर. बायको नर्सला आपल्याच जिवाचा हिशेब समजावून सांगतेय, ते ऐकत. मग ते येऊन बाकाच्या कडेला टेकले.

"मलाबी सांग," भिंतीकडं बघत ते म्हणाले. "जरा सावकाश."

उपासनानं पाकीट त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.