गाठ नको, हुक लाव

कुणाच्या हातात दोरी दिसली की काकांची मान आपोआप नाही नाही म्हणायला लागायची. "गाठ कुणीही मारतो. सोडताना नखं जातात. गाठ नको, हुक लाव." तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याला आयुष्यात एकच गोष्ट पटलेली असते आणि ती तो दिवसभर दुसऱ्यांना पटवत असतो.

वसईत माणिकपूरच्या आमच्या ऑफिसात ते माझ्या समोरच्या टेबलावर बसत. सगळे त्यांना काका म्हणायचे. ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणायचे, कारण भुईगावच्या आमच्या केळीच्या वाडीवाल्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही असं होत नाही.

ऑफिसातले आम्ही काही जण दर हिवाळ्यात डोंगरात मुक्कामाला जायचो. त्या वर्षी हिमाचल ठरलं. पुढारीपण अकाउंट्समधल्या बाईंकडे, आणि बाई कडक. वर तंबू नाही, डोक्यावर फक्त ताडपत्री. ज्याची ताडपत्री त्यानेच उभी करायची. जमणार नाही त्याने खालच्या गावात राहायचं, रजई घेऊन.

काकांच्या उजव्या हाताची बोटं आखडत चालली होती. शर्टाची बटणं काकू लावून द्यायच्या. आम्हाला हे माहीत होतं, आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं. काका सगळा दोष थंडीवर ढकलायचे. "थंडीत बोटं चालत नाहीत रे." हे वाक्य मी मे महिन्यात ऐकलंय, डोक्यावर पंखा गरगरत असताना. तेही वसईत, जिथे जानेवारीत स्वेटर बाहेर निघतो तो लोकांना दाखवायला.

गाठ मारता येत नाही म्हणून रजईत बसायचं, हे काकांना मान्य नव्हतं. मग कुरिअरवाल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. हुक आले, कड्या आल्या, ताडपत्रीची कड दातांत धरणारे चिमटे आले. सगळ्यांत लाडका अ‍ॅल्युमिनियमचा एक हुक. त्याच्या खोबणीत दोरी घालून ओढली की जागच्या जागी अडकायची, बाजूला खेचली की सुटायची. "हातमोजा घालून जमतं," काका म्हणायचे. "बोटांचा संबंधच नाही."

सराव फुलपाड्याला, त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. भर उन्हात लोकरी हातमोजे घातलेले काका, आणि शेजारी पापड वाळत घालणाऱ्या बायका.

"काका, आज बर्फ पडायचाय का?"

"पडला तर तुमचेच पापड झाकेन. आभार माना."

काही दिवसांनी त्यांच्यातलीच एक म्हणाली, "काका, दोन हुक द्या ना. साड्यांची दोरी सैल पडते." मग दुसरीने मागितले. हिमालयासाठी मागवलेलं सामान फुलपाड्यात कपडे वाळवू लागलं. काका खूश. "प्रचार असाच होतो," म्हणाले, आणि नवीन मागवले.

निघण्याआधी बाईंनी भुईगावच्या किनाऱ्यावर सगळ्यांची परीक्षा घेतली. काकांनी सुरूच्या दोन झाडांना पट्टे गुंडाळले, हुक अडकवले, दोऱ्या खेचल्या. ताडपत्री ताठ उभी. बाई भोवती फिरल्या.

"गाठ कुठंय?"

"नाहीच."

"आणि हुक तुटला तर?"

"तर मी खाली. रजईत."

बाईंनी ताडपत्रीला दोन हिसडे दिले. ती हलली नाही. "चला मग," बाई म्हणाल्या. काकांनी ताडपत्रीवरची वाळू झटकली. मग म्हणाले, "ग्रॅज्युएट, फोटो काढ. ताडपत्रीचा. माझा नको."

हिमाचलात मी माझी ताडपत्री वडिलांच्या गाठीने बांधली. केळीच्या घडाला मारतात ती, पक्की. मला तिचा अभिमान. सकाळी बघतो तर दोरी भिजून गोठलेली, गाठीचा दगड झालेला. नखं लावली, दात लावले, शेवटी चाकू काढला. पलीकडे काकांनी दोरी बाजूला खेचली, ताडपत्री अलगद खाली. थर्मास काखेत घेऊन ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"

त्यांनी थर्मास माझ्यापुढे धरला. झाकण उघडत नव्हतं. मी फिरवून दिलं.

"थंडी," ते म्हणाले.

"थंडीच," मी म्हणालो.

गेल्या पावसाळ्यानंतर काका गेले. बसल्या जागी. मी पोचलो तेव्हा बिल्डिंगखाली बांबू आले होते, शेजारचे एक म्हातारे गृहस्थ सुतळीने तिरडी बांधत होते. काकू बिल्डिंगच्या दारातून बघत होत्या.

"त्यांना गाठी चालायच्या नाहीत हो."

"ही सोडायची नसते, वहिनी," म्हातारे म्हणाले आणि सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

माझ्या खिशात किल्ल्यांना काकांनी दिलेला हुक होता. वर गच्चीवर कुणाच्या तरी साड्या ताठ दोरीवर वाळत होत्या. मी खाली वाकलो आणि वडिलांची गाठ मारली. मी दोरीला गाठ मारतोय आणि काका काही बोलले नाहीत, असं पहिल्यांदाच झालं.